गाण्यावर पीएच.डी. करताय? रेकॉर्डर पिशवीतून काढण्याआधी आणि नंतर

दरवर्षी मे-जूनमध्ये मला एक फोन ठरलेला असतो. "ताई, चाळीस तासांचं रेकॉर्डिंग झालंय. आता त्याचं काय करू?" मी विचारते, कोण गातंय? "गावातल्या बायका." कुठला प्रसंग? "प्रसंग नाही, मीच गायला सांगितलं." गाण्याआधी त्या एकमेकींशी काय बोलल्या? "ते कट केलं ना, नॉइज होता."

अशा चाळीस तासांतले चार तासही प्रबंधात वापरता येत नाहीत. सामाजिक मानवशास्त्र आणि लोकसंगीताचा अभ्यास जिथे एकत्र येतो तिथे गाणं हा पुरावा असतो, आणि कुठून, कधी, कुणाकडून आणि कुणाच्या परवानगीने आला हे सांगता येत नसेल तर पुरावा उभा राहत नाही. नाशिक जिल्ह्यात काम करणाऱ्यांच्या चुका बहुतेक सारख्याच असतात आणि त्यांचं मूळ क्रम चुकण्यात असतं. म्हणून क्रमानेच लिहिते.

१. आधी प्रश्न, मग गाव, मग गाणं

'नाशिक जिल्ह्यातील आदिवासींची लोकगीते : एक अभ्यास' हा विषय नव्हे, ही कपाटावर चिकटवायची चिठ्ठी आहे. जिल्ह्यात १५ तालुके आहेत. सुरगाणा-पेठमधला कोकणा, त्र्यंबक-इगतपुरीकडचा महादेव कोळी आणि ठाकर, कळवण-बागलाणमधला भिल्ल, शिवाय वारली आणि कातकरी यांना एका शीर्षकात कोंबलं की कुणाबद्दलच काही सांगून होत नाही.

प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर फक्त गाणं ऐकून मिळणार नाही आणि गाणं न ऐकताही मिळणार नाही. उदाहरणार्थ : बोहाड्यात (देवांची सोंगं नाचवण्याच्या रात्रीच्या उत्सवात) सांबळ कुणी वाजवायचा हे कसं ठरतं, आणि वाजवणारा बदलला की सोंगाची चाल बदलते का? किंवा : दळण गिरणीवर गेल्यानंतर जात्यावरच्या ओव्या आता कुठल्या कामाला जोडून गायल्या जातात?

अमेरिकन अभ्यासक ॲलन मेरियम यांनी संगीताकडे तीन बाजूंनी बघायला सांगितलं : निघणारा नाद, तो काढताना माणसं करतात ते वर्तन, आणि त्यामागची त्यांची समजूत. स्वतःचा प्रश्न या तिन्हींवर घासून बघा. नुसत्या नादावर अडकला असेल तर तुम्ही संगीतशास्त्रात आहात, नुसत्या समजुतीवर असेल तर गाणं तुमच्या प्रबंधात तोंडी लावायला आहे.

कोणत्या विभागात नोंदणी करायची (मानवशास्त्र, समाजशास्त्र, संगीत की मराठी) हे प्रश्न ठरल्यावरच ठरवा. मार्गदर्शक आधी मिळाला म्हणून त्याच्या विषयात आपला प्रश्न वाकवणारे तिसऱ्या वर्षी रडतात. नाशिकच्या बऱ्याच जणांचे मार्गदर्शक पुण्यात असतात. हरकत नाही, पण त्यांना निदान एकदा तुमच्या पाड्यावर आणा.

तपासा : तुमचा प्रश्न पाड्यावरच्या एखाद्या आजीला दोन वाक्यांत सांगता येतो का? त्यावर ती "मग त्यात काय विचारायचं?" म्हणाली तर प्रश्न कच्चा आहे. "हां, ते आमच्यात असं असतं..." असं सुरू झाली तर चालेल.

२. पंचांग समोर ठेवून वेळापत्रक

सगळ्यात जास्त माती इथे होते, म्हणून इथे जरा थांबते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला अभ्यासक्रमासह किमान ३ आणि कमाल ६ वर्षं असतात. ६ वर्षं वाचायला भरपूर वाटतात. आता डोंगऱ्यादेवाच्या हिशेबाने मोजा. हा उत्सव वर्षातून एकदा, मार्गशीर्षात. पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि आराखड्यात जातं, शेवटची दोन लिहिण्यात. हातात उरले तीन मार्गशीर्ष. पहिल्यात तुम्ही नवखे, कुणी जवळ करत नाही. म्हणजे खरे दोन. त्यातला एक घरातल्या लग्नात किंवा आजारपणात गेला तर एकच.

ही मोजणी स्वतःच्या विषयासाठी करा आणि भिंतीवर लावा. ठोकळ मांडणी अशी :

आषाढ-श्रावणात पश्चिमेकडच्या तालुक्यांत भाताची लावणी असते. लोक गाळात उभे असतात. तुमच्याशी बोलायला त्यांना वेळ नसतो आणि रस्त्यांचाही भरवसा नसतो. पण लावणीच्या गाण्यांवरच काम असेल तर हीच वेळ. मात्र मग लावणीला उतरायचं, बांधावर छत्री धरून उभं राहायचं नाही. आश्विन वद्य द्वादशीला शहरात वसुबारस असते तेव्हा पाड्यांवर वाघबारस असते. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तिनाथांची यात्रा, तेव्हा दिंड्या आणि भजनं. होळीनंतर बोहाडे. चैत्रात सप्तशृंग गडावर खानदेशातून पायी येणारे जथे. अक्षय तृतीयेला बागलाण-मालेगावकडे आखाजी, झोके आणि अहिराणी गाणी.

इंग्रजी तारखा पाठ करू नका. मार्गशीर्ष पौर्णिमा २०२५ मध्ये ४ डिसेंबरला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती २३ डिसेंबरवर गेली. मागच्या वर्षीच्या तारखेला सुट्टी टाकून पाड्यावर पोचलेला आणि रिकाम्या हाताने परतलेला एक विद्यार्थी मला माहीत आहे.

दुसरं, स्थलांतर. दिवाळी उरकली की सुरगाणा-पेठची कितीतरी कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत किंवा वीटभट्ट्यांवर कामाला जातात. तुम्ही जानेवारीत पाड्यावर जाता, तिथे म्हातारे आणि लहान मुलं भेटतात, आणि तुम्ही वहीत लिहिता की "तरुण पिढी गात नाही". तरुण पिढी तेव्हा पिंपळगावच्या बाजूला द्राक्षं उतरवत असते आणि संध्याकाळी झापापुढे, म्हणजे राहत्या झोपडीपुढे, बसून गातही असते. मला हे दुसऱ्या वर्षी कळलं. तोवर ऱ्हासावरचं एक अख्खं प्रकरण मनात लिहून झालं होतं.

आणि २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या स्नानांच्या आसपास नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अवलंबून असलेलं कुठलंही क्षेत्रकार्य ठेवू नका, विषयच सिंहस्थ असल्याशिवाय.

सावधान : ज्या गाण्याला ऋतू आहे ते अवेळी मागू नका. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी वैशाखात एका आजीला डोंगऱ्यादेवाचं गाणं म्हणायला सांगितलं. ती हसली आणि तिने एक गाणं म्हटलं. मी ते 'डोंगऱ्यादेव, गीत क्र. १' म्हणून नोंदवलं. दोन वर्षांनी तिच्याच सुनेने ऐकून सांगितलं, हे लग्नातलं आहे. आजीने मला खोटं सांगितलं नव्हतं. पाहुणीला नाही म्हणायचं नव्हतं आणि देवाचं गाणं अवेळी काढायचं नव्हतं, तिने दोन्ही सांभाळलं. चूक माझ्या मागण्यात होती.

३. पहिल्या तीन फेऱ्या रिकाम्या हातांनी

रेकॉर्डर घरी ठेवा. फोनवरही काही टिपू नका. या फेऱ्यांत तीनच कामं.

एक, मुक्काम. नाशिकहून पेठ ५०-५५ किलोमीटर. सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं, आणि हाच सापळा आहे. गाणं रात्री असतं. बोहाडा रात्री, डोंगऱ्यादेवाचं जागरण रात्री, थाळी वाजवत सांगितलेली कथा रात्री. सावळघाट ओलांडून संध्याकाळी सहाला नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर परतणाऱ्याला दिवसा गाऊन दाखवलेलं तेवढंच मिळतं. राहायची सोय आश्रमशाळेत किंवा शिक्षकांच्या खोलीवर होते, पण शक्य असेल तर एखाद्या घरी राहा. शाळेत राहिलात की लोक तुम्हाला सरकारी समजतात आणि तसेच बोलतात.

दोन, भाषा. सुरगाण्याच्या गुजरात सीमेकडची बोली आणि बागलाणची अहिराणी यांना 'गावठी मराठी' समजून जाऊ नका. निदान नातेवाचक शब्द, शेतीच्या कामांची आणि वाद्यांच्या भागांची नावं आधी शिका. पावरीला (भोपळ्यात नळ्या बसवलेल्या वाद्याला) 'आदिवासी बासरी' म्हणणारा माणूस पहिल्याच दिवशी पाहुण्यांच्या रांगेत बसतो आणि मग तिथून उठत नाही.

तीन, कोण कोणाचं. गाणारा, वाजवणारा, भगत, पोलीस पाटील, सरपंच, बचत गटाची अध्यक्ष यांचं एकमेकांशी नातं काय, हे चहा पिता पिता समजून घ्या. जो तुम्हाला आधी भेटला आणि "मी सगळं दाखवतो" म्हणाला त्याच्याच मागे लागू नका. तो भला असेल, पण कुठल्या तरी एका बाजूचा असतोच, आणि दुसरी बाजू तुम्हाला त्याच्या घरचं समजून बसते.

४. संमती : आधी गावाची, मग माणसाची, मग प्रत्येक वापराची

विद्यापीठाची नीती समिती तुमच्याकडून संमतीपत्राचा नमुना मागते. तो द्या. पण तोच इंग्रजी नमुना छापून पाड्यावर अंगठे घेत फिरू नका. या भागात कागदावर अंगठा दिल्यावर जमीन गेल्याच्या आठवणी घराघरांत आहेत. तुमचा कागद निरुपद्रवी आहे हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही.

क्रम असा ठेवा.

आधी गाव. सुरगाणा, पेठ, कळवण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात आणि तिथे पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याने) ग्रामसभेला परंपरा जपण्याचा अधिकार दिला आहे. ग्रामसभेत किंवा पाड्याच्या बैठकीत उभं राहून सांगा : मी कोण, कशासाठी आलेय, काय नेणार, काय परत आणणार. तुमच्या पदवीने गावाला नोकरी किंवा योजना मिळणार नाही, हेही स्पष्ट सांगा. हे न सांगणं म्हणजे खोटंच.

मग माणूस. संमती तोंडी घेतली तरी चालते, फक्त ती त्यांच्या भाषेत समजावलेली आणि रेकॉर्ड केलेली हवी. आधी समजावा, प्रश्न विचारू द्या, एक दिवस जाऊ द्या, मग संमती रेकॉर्ड करा. 'हो' लगेच मिळालं तर पुन्हा विचारा.

मग वापर. इथे बहुतेक जण एकच हो घेतात आणि त्यावर जग जिंकतात. प्रश्न वेगवेगळे विचारा. मी एकटी ऐकून लिहू का? प्रबंधात शब्द छापू का? तुमचं खरं नाव घालू का की बदलू? परिषदेत आवाज ऐकवू का? संग्रहालयात ठेवू का? इंटरनेटवर टाकू का? माझ्या एका गायिकेने पहिल्या पाचांना हो म्हटलं आणि सहाव्याला म्हणाली, "माझ्या भावांनी ऐकलं तर?" ते गाणं माहेरच्या तक्रारीचं होतं.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचे हक्क वेगळे मानले आहेत आणि ते ५० वर्षं टिकतात. रेकॉर्डिंग तुमच्या कार्डावर आहे म्हणून गाणं तुमचं होत नाही.

बिदागी द्यायची का, हा प्रश्न मला हमखास येतो. माझं मत : द्या. दिवसाची मजुरी बुडवून कुणी तुमच्यासाठी बसत असेल तर निदान तेवढी मजुरी द्या आणि ती प्रबंधात लिहा. पण विधीत गाणाऱ्याला विधीच्या वेळी पैसे पुढे करू नका. तिथे गाव देतं तसं धान्य, नारळ, वर्गणी द्या. किती, हे पाड्यावरच्या जाणत्या माणसाला आधी विचारा. एकीला पाचशे आणि दुसरीला दोनशे दिलेत तर संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना कळलेलं असतं.

इथे थांबा : संमती नोंदवलेली नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. 'नंतर घेऊ' म्हणून ठेवलेली संमती मिळत नाही, कारण नंतर तो माणूस भट्टीवर गेलेला असतो.

५. यंत्र घरीच तपासून बघा

महागडा रेकॉर्डर लागत नाही. हातात मावणारा, दोन माइकचा आणि आवाजाची पातळी हाताने ठरवता येणारा पुरे. एम. जी. रोडवर विकणारा दुसरं काही गळ्यात मारायला बघेल, तर एवढंच विचारा : वेव्ह फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये होते का? स्वयंचलित पातळी बंद करता येते का? हेडफोन लागतो का? तिन्ही हो असतील तर घ्या.

एमपी३ मध्ये रेकॉर्ड करू नका. ४८/२४ ची स्टिरिओ फाइल तासाला साधारण १ जीबी होते. बोहाड्याची अख्खी रात्र ८-१० जीबीत मावते. कार्ड आज स्वस्त आहे. एमपी३ मध्ये एकदा गेलेला बारीक नाद मात्र परत येत नाही.

स्वयंचलित पातळी बंद करा हे मी स्वतः भोगून सांगतेय. माझ्या पहिल्या बोहाड्यात ती चालू राहिली. सांबळाचा ठोका पडला की यंत्र घाबरून आवाज खाली ओढायचं आणि ठोक्यामागून येणारा पिपाणीचा सूर गायब व्हायचा. ठोका, पोकळी, ठोका, पोकळी. सहा तास. बोहाडा पुन्हा वर्षाने.

पिशवीत हेडफोन, दोन कार्डं, सेलचे तीन संच, छोटं स्टँड, माइकवर घालायची केसाळ टोपी (घाटमाथ्याच्या वाऱ्यापुढे स्पंज टिकत नाही), प्लॅस्टिकची पिशवी, वही आणि पेन्सिल. दंव पडलं की पेनाची शाई फुटते.

तपासा : घरात मिक्सर चालू ठेवून, गच्चीवर वाऱ्यात आणि गणपतीत ढोल पथकाच्या सरावापासून दहा पावलांवर, अशा तीन ठिकाणी प्रत्येकी दहा मिनिटं रेकॉर्ड करून ऐका. नाशिक ढोलाला जे यंत्र फाटलं नाही ते कुठेच फाटणार नाही.

६. रेकॉर्डिंगचा दिवस

आधी पोचा. गाणं सुरू झाल्यावर स्टँड उघडणारा माणूस सगळ्यांच्या नजरेत भरतो.

माइक गाणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीला, हातभर लांब. जात्यावरची ओवी असेल तर स्टँड जमिनीवर नुसतं टेकवू नका, खाली गोधडीची घडी ठेवा. जात्याची थरथर जमिनीतून माइकमध्ये चढते. जात्याची घरघर मात्र काढून टाकायचा प्रयत्न करू नका, ओवीची लय तिच्यावर बसलेली असते. "आजी, जातं न फिरवता म्हणा ना" म्हटलं की आजी अडखळते, शब्द विसरते, आणि तुम्ही लिहिता की स्मृती क्षीण झाली आहे.

पावरीवाला नाचणाऱ्यांबरोबर फिरतो. त्याच्या मागे माइक घेऊन धावू नका. रिंगणाच्या कडेला, डोक्याच्या उंचीला, दोन माइकचं यंत्र एका जागी ठेवा. पावरी जवळ येते, लांब जाते, पावलांचा आवाज वाढतो, कमी होतो. हे सगळं त्या प्रसंगाचं आहे. वाद्याचा स्वच्छ, एकट्याचा नाद हवा असेल तर तो वेगळ्या दिवशी, नियम आड येत नसेल तर, वेगळा घ्या आणि नोंदीत 'प्रसंगाबाहेर' असं लिहा.

पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. घोळक्यात लोक उत्साहात येतात आणि आवाज पहिल्या चाचणीच्या दुप्पट होतो, तेवढी जागा ठेवलेली असावी. अर्धं मिनिट रेकॉर्ड करा, हेडफोनवर ऐका, मगच खरं सुरू करा.

बटण दाबल्यावर स्वतःच्या आवाजात सांगा : तारीख आणि तिथी, पाडा, गाव, तालुका, प्रसंग, कोण गातंय किंवा त्यांची खूण, कोण कोण बसलंय, तुमचं नाव. मग एक मिनिट गप्प. त्या जागेचा रिकामा आवाज नंतर कामाला येतो.

यानंतर बटणाला हात लावायचा नाही, आणि नवखे हमखास इथेच चुकतात. एक गाणं संपलं की थांबवतात, दुसरं सुरू झालं की चालू करतात. पण दोन गाण्यांच्या मधे जे होतं तेच मानवशास्त्र आहे. "हे नको, सासू बसलीय." "ते पुढचं कडवं तुझ्या आईचं, तू म्हण." "हे आमच्याकडं असं नाही." हे तुम्हाला कुठल्याही मुलाखतीत मिळणार नाही.

मधे "वा", "छान", "अजून एक" करू नका. तुमचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो हा किरकोळ तोटा. मोठा तोटा असा की तुम्ही कशावर खूश होता हे त्यांना कळतं आणि मग तेच मिळत राहतं.

वहीत दर पाच-दहा मिनिटांनी घड्याळाची वेळ आणि एक ओळ : कोण उठलं, कोण आलं, कुठल्या शब्दावर सगळे हसले. नाचाची रचना हवी असेल तर फोन एका जागी टेकवून व्हिडिओ लावा, पण त्याची संमती वेगळी घेतलेली हवी.

शेवटी तीनच प्रश्न, रेकॉर्डिंग चालू असताना : हे कुणाकडून आलं? हे कधी म्हणतात? हे कधी म्हणत नाहीत? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि उत्तर तिथेच असतं.

सावधान : भगत किंवा व्रतातली मंडळी "आता बंद करा" म्हणाली तर लगेच, सगळ्यांना दिसेल असं बंद करा. खिशातला फोन चालू ठेवणाऱ्यांच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. पाड्यावरच्या लोकांनीही ऐकल्या आहेत.

७. त्याच रात्री

दमलेले असलात तरी झोपण्याआधी तीन गोष्टी. कार्डावरचं लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून हार्ड डिस्कवर. दोन्हीकडे फाइल उघडून सुरुवात, मध्य, शेवट ऐका. कार्ड त्या रात्री पुसायचं नाही. तिसरी प्रत नाशिकला पोचल्यावर वेगळ्या घरी ठेवली की मग पुसा.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग तालुका-गावाची खूण आणि क्रमांक. वर्ष आधी लिहिलं की यादी आपोआप क्रमाने लागते. गाणाऱ्याचं नाव फाइलच्या नावात नको. खुणेची आणि नावांची यादी वेगळ्या वहीत, कुलपात. मोठी फाइल काही यंत्रं आपणहून तोडून दोन-तीन करतात. त्यांचा क्रम त्याच रात्री लिहून ठेवा.

मग दोन पानं लिहा. आठवेल तसं, वाईट मराठीत चालेल. उद्या सकाळी अर्धं गेलेलं असतं.

८. उतरवून घेणं

एक तास गाणं उतरवायला मला दहा-बारा तास लागतात. बोली नवी असेल तर दुप्पट. म्हणून रेकॉर्डिंग साठवत जाऊन सगळं एकदम शेवटी उतरवायचं, हा बेत सोडा. प्रत्येक फेरीनंतर त्या फेरीचं उतरवलं की पुढच्या फेरीत काय विचारायचं ते त्यातूनच निघतं.

ईलान हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यात आवाजाखाली ओळी लावता येतात : एक गायलेल्या शब्दांची, एक सांगितलेल्या शब्दांची, एक प्रमाण मराठीतल्या अर्थाची, एक तुमच्या शेऱ्याची.

गायलेलं आणि सांगितलेलं हे दोन वेगळे मजकूर असतात. उदाहरणापुरती मीच जुळवलेली ओळ घ्या : 'पहाटंचं दळण, मांडीवर माझं बाळ.' सांगायला सांगितलं तर बाई एवढंच सांगेल. गाताना मात्र ते 'पहाटंचं दळण गं बाई, दळण गं, पहाटंचं दळण, मांडीवर माझं' असं येईल आणि 'बाळ' पुढच्या फेऱ्यात पडेल. 'गं बाई' भरतीचं म्हणून गाळलंत, पुनरुक्ती 'वगैरे' म्हणून मिटवलीत, की लय मेली. हातात राहिली कविता, आणि कवितेवर पीएच.डी. मराठी विभागात होते.

दुसरा रोग सुधारण्याचा. अहिराणीत 'मला'ला 'माले' म्हणतात, 'डोळा'चा 'डोया' होतो. कानाला पडलं तसं लिहा. टंकलेखकाकडून करून घेणार असाल तर त्याला तंबी द्या, कारण तो प्रेमाने सगळं शुद्ध करून देतो. न कळलेल्या शब्दाच्या जागी अंदाज भरू नका. प्रश्नचिन्ह आणि वेळ लिहा, पुढच्या फेरीत ऐकवून विचारा.

९. स्वर मोजताना

थोडक्यात : राग शोधू नका. पाच स्वर ऐकू आले म्हणून ते भूप होत नाही. पावरी आणि तारप्याच्या नळ्या भोपळ्यात मेणाने बसवलेल्या असतात. त्या कारागिराच्या हाताने लागतात, तानपुऱ्याला लावून घेतलेल्या नसतात. प्रत्येक वेळी त्या वाद्याचा आधारस्वर वेगळा नोंदवा आणि बाकीचे स्वर त्याच्यापासून सेंटमध्ये मोजा (एक सप्तक १२०० सेंट). सॉनिक व्हिज्युअलायझर किंवा प्राट, दोन्ही मोफत आहेत. स्वरलिपी फक्त जिथे तुमचा मुद्दा स्वरावर उभा आहे तिथेच द्या. परिशिष्टात शंभर पानं सा-रे-ग छापून परीक्षक दबत नाहीत.

१०. परत नेणं, आणि काय छापायचं नाही ते ठरवणं

लिहिण्याआधी उतरवलेलं पाड्यावर वाचून दाखवा आणि आवाज ऐकवा. निम्म्या दुरुस्त्या इथे होतात. ज्यांनी गायलं त्यांच्यासोबत ज्यांनी गायलं नाही त्यांनाही बसवा; चुका तेच काढतात. प्रत द्यायची ती मेमरी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर, फोनमध्ये चालते का हे तिथेच बघून. व्हॉट्सॲपची लिंक दिली म्हणजे परत दिलं असं नाही, तिथे रेंज असते तर तुमचा अर्धा प्रबंध बदलला असता.

मूळ रेकॉर्डिंग कुठे ठेवायचं तेही आता ठरवा. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं १९८२ पासूनचं लोकसंगीत संशोधन आणि संग्रह केंद्र आहे. अशा ठिकाणी देताना कोण ऐकू शकेल, कोणती फाइल बंद राहील, हे लेखी ठरवा आणि गावाला सांगा.

आता सर्वांत उशिरा लक्षात येणारी गोष्ट. प्रबंध मंजूर झाला की तो शोधगंगावर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर, जातो आणि कुणीही उघडून वाचू शकतो. म्हणजे 'फक्त प्रबंधात छापते' असं तुम्ही आजीला सांगितलं होतं, त्याचा अर्थ प्रत्यक्षात 'जगाला दाखवते' असा होतो. चौथ्या टप्प्यातले प्रश्न विचारताना हे माहीत हवं. मला नव्हतं. छापील प्रत जमा करायच्या आधीच्या आठवड्यात मी पुन्हा सुरगाण्याला गेले, एकेका घरी बसून विचारलं, आणि परिशिष्टातली अकरा गाणी काढली. त्यांच्या जागी क्रमांक ठेवला, कोणत्या प्रसंगाचं ते लिहिलं, आणि खाली 'गाणाऱ्यांच्या इच्छेवरून मजकूर दिलेला नाही' एवढंच. मौखिक परीक्षेत त्यावर प्रश्न आला. उत्तर तयार होतं, कारण ते रेकॉर्ड केलेलं होतं.